एका तासाला माइल्ड, साडेतीन तासांना मॉडरेट: एका बाळाच्या न्यूरो तपासणीची केस

पूर्ण दिवसांचं बाळ, ३९ आठवडे, आईचं दुसरं बाळंतपण, सगळं सुरळीत चाललेलं. पाणमोट फुटली आणि पाण्याबरोबर नाळच खाली घसरली. कॉर्ड प्रोलॅप्स. बाळाचे ठोके साठ-सत्तरवर आले ते वर यायलाच तयार नाहीत. ड्युटीवरच्या मॅडमनी हात आतच ठेवून बाळाचं डोकं वर धरून ठेवलं आणि पेशंटला तसंच थिएटरमध्ये नेलं, निर्णय झाल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत १९ मिनिटं लागली. (ओळख पटेल असे तपशील बदललेत, तपासणीचा क्रम आणि त्यातून मला मिळालेला धडा तसाच ठेवलाय.)

मुलगी, २.९ किलो. रडली नाही, अंग पूर्ण ढिलं, ठोके साठच्या खाली. बॅग-मास्क लावल्यावर मिनिटभरात ठोके शंभरच्या वर आले, छाती दाबायची वेळ आली नाही, पाचव्या मिनिटाला पहिला आचका, आठव्या मिनिटापासून स्वतःचा नियमित श्वास. अपगार (जन्मानंतर बाळाला दहापैकी देतात तो स्कोअर, पहिल्या, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला) २, ५, ७. आता हे ७ बघून थिएटरमधल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण व्हर्जिनिया अपगार बाईंनी १९५२ साली हा स्कोअर मांडला तो बाळाला आत्ता मदत हवी का आणि आपल्या मदतीला ते कसा प्रतिसाद देतंय हे पटकन कळावं म्हणून, मेंदूचं पुढे काय होणार हे त्याला विचारायचं नसतं. लोक विचारतातच, ते वेगळं.

दुसरी गंमत, म्हणजे तेव्हा गंमत नव्हती, कॉर्ड गॅसची, म्हणजे नाळेतल्या रक्तात ॲसिड किती साठलंय त्या तपासणीची. पहिली स्लिप आली पीएच ७.२२ (हा आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त). झालं, सगळे म्हणाले चला फार काही लागलं नाही. मी स्लिप परत बघितली तर सॅम्पल व्हेनचं, म्हणजे वारेकडून बाळाकडे रक्त आणणाऱ्या वाहिनीचं (आर्टरी बाळाकडून परत नेते). नाळ दाबली गेली की आधी पातळ भिंतीची व्हेन बंद होते, मग तिच्यात जे रक्त उरतं ते बऱ्यापैकी चांगलं दिसतं, बाळाची खरी अवस्था आर्टरीत कळते आणि प्रोलॅप्समध्ये या दोघांतला फरक खूप मोठा असू शकतो. नशीब की नाळेचा क्लॅम्प केलेला तुकडा ट्रेमध्ये तसाच पडलेला होता. आर्टरीतून काढलं तर पीएच ६.९४, बेस डेफिसिट (ॲसिड साठल्याचं दुसरं माप, जास्त म्हणजे वाईट) १७. म्हणजे एका नाळेच्या दोन रक्तवाहिन्या दोन वेगळ्या गोष्टी सांगत होत्या, आणि आपण फक्त गोड वाटणारी ऐकून बसलो असतो. तेव्हापासून मी दोन्ही सॅम्पल हातात असल्याशिवाय कॉर्ड गॅस लिहीतच नाही.

पीएच ७.० किंवा त्याखाली, किंवा बेस डेफिसिट १६ किंवा जास्त, इथे कूलिंगचा, म्हणजे मेंदू वाचवायला बाळाला ठरावीक काळ थंड ठेवायच्या उपचाराचा, पहिला निकष पूर्ण झाला. पण नुसत्या ॲसिडोसिसवर कोणी बाळ थंड करत नाही, दुसरा निकष मेंदूचा, मॉडरेट किंवा सिव्हिअर एन्सेफॅलोपॅथी (मेंदूचं काम बिघडल्याची लक्षणं) दिसली पाहिजे नाहीतर झटके. आणि हे सगळं जन्मापासून सहा तासांच्या आत. थोडक्यात, सगळा फैसला माझ्या दोन हातांच्या तपासणीवर येऊन थांबला.

१ तास १० मिनिटांनी पहिली पूर्ण तपासणी केली. डोळे टक्क उघडे, पापणी लवायचं नाव नाही, दचकून उठलेलं माणूस कसं थोडा वेळ बघत राहतं तसं. नवीन माणसाला हे बघून छान वाटतं, "किती अलर्ट आहे बघा", पण एवढ्या ॲसिडोसिसमधून आलेलं बाळ असं टकामका बघत असेल तर मला तरी भीती वाटते, हायपरअलर्ट म्हणतात ते हेच. वॉर्मरच्या कडेला टिचकी मारली की दोन्ही हात फेकून पूर्ण मोरो, म्हणजे नवजात बाळाचा दचकण्याचा रिफ्लेक्स. बाहुल्या मोठ्या, ठोके १७२, श्वास मिनिटाला सत्तरच्या आसपास, तो ॲसिड बाहेर टाकायला धडपडणारा श्वास. मुठी बहुतेक वेळ आवळलेल्या, हातापायांचा टोन (स्नायूंचा ताण) किंचित जास्त. बोट तोंडात दिलं तर दोन-चार वेळा ओढायची आणि सोडून द्यायची. टाळू मऊ, सपाट. हनुवटी आणि हात थरथरत होते, मी कोपर वाकवून हात हलकेच धरून ठेवला तशी थरथर थांबली, डोळे एका बाजूला गेले नव्हते, सॅच्युरेशन हललं नव्हतं, म्हणजे जिटरीनेस, झटके नाहीत. झटका असता तर धरलेल्या हातातही तो लयीत जाणवत राहिला असता. शुगर लगेच बघितली, ८४. शुगर न बघता "थरथरतंय" हा शब्द लिहूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तक्त्यात टाकलं, सार्नाट स्टेज १ (मेंदूच्या त्रासाच्या तीन पायऱ्यांतली सगळ्यात सौम्य), थॉम्पसन स्कोअर ५ (त्याच त्रासाचे मार्क, जास्त म्हणजे वाईट). आणि मी लिहून मोकळी झाले, "माइल्ड एचआयई, कूलिंगचे निकष बसत नाहीत, ऑब्झर्व्ह" (एचआयई म्हणजे ऑक्सिजन आणि रक्त कमी पडून मेंदूला बसलेला मार). वॉर्मर मात्र कमी ठेवला, गुदद्वारातला टेम्परेचर प्रोब लावला, ३७ च्या वर जाऊ द्यायचं नाही कारण मेंदूला मार बसलेलं बाळ तापलं तर नुकसान वाढतं. एईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा पट्टा सतत दाखवणारा मॉनिटर, तेव्हाच लावायला हवं होतं. मशीन एकच, ते दुसऱ्या बाळावर.

सरांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कितव्या मिनिटाला बघितलंस?" मी म्हटलं सत्तराव्या. "मग ते सत्तराव्या मिनिटाचं बाळ आहे गं. सहा तास संपेपर्यंत तू दर तासाला परत बघायचंस, तीच वही, तेच रकाने, आणि शक्यतो तूच."

तेव्हा मला हे जरा जास्तच वाटलं. नंतर सार्नाटचा मूळ पेपर नीट वाचला तेव्हा कळलं. हार्वे आणि मार्गारेट सार्नाट यांनी १९७६ साली फक्त २१ बाळांवरून ह्या तीन स्टेज मांडल्या, आणि ती बाळं त्यांनी एकदा बघून सोडली नव्हती, दिवसामागून दिवस तपासणी आणि ईईजी करत राहिले. त्यांचा निष्कर्षसुद्धा वेळेच्या भाषेत आहे, स्टेज २ पाच दिवसांच्या आत सरली आणि स्टेज ३ आलीच नाही तर बाळं पुढे नॉर्मल दिसली, सात दिवसांच्या वर रेंगाळली किंवा ईईजी सुधारलाच नाही तर अपंगत्व किंवा मृत्यू. म्हणजे स्टेज हा त्यांच्यासाठी प्रवास होता. आपण मात्र कूलिंग आल्यावर त्याचं सहा रकान्यांचं छोटं रूप केलं, पहिल्या सहा तासांत वापरायला लागलो, आणि हळूहळू ते एकदाच मारायच्या शिक्क्यासारखं झालं.

दोन तास पंधरा मिनिटांना परत बघितलं. थरथर कमी, श्वास साठवर. मला वाटलं सुधारतेय.

तीन तास वीस मिनिटांना सिस्टरने हाक मारली. मी दुसऱ्या बाळाची लाइन टाकत होते, म्हटलं येते पाच मिनिटांत, तर ती म्हणाली, "मॅडम, ही झोपलेली नाहीये, मलूल पडलीये. डायपर बदललं तरी कुरकुर नाही." या सिस्टरने मला न विचारता पाऊण तासात तीन वेळा त्या बाळाकडे बघितलं होतं, आणि तिचं ते एक वाक्य आमच्या अख्ख्या फॉर्मपेक्षा भारी होतं.

यावेळी मी आधी पाच मिनिटं हात न लावता नुसती बघत उभी राहिले. ही सवय लावून घ्यायला मला दोन वर्षं लागली, आपल्याला लगेच हात लावायची घाई असते आणि हात लावला की बाळाची स्वतःची हालचाल बघायची संधी गेली. पाच मिनिटांत तिने एकदा उजवा पाय थोडा हलवला, बस. श्वास मधेच पाच-सहा सेकंद थांबायचा, मग परत भरभर. मग तळपायाला चोळलं, डोळे अर्धे उघडले, चेहरा किंचित आखडला, परत मिटले. हातापायाची बोटं घट्ट वाकलेली, अंगठा मुठीच्या आत, पाय मात्र सरळ पसरलेले. दोन्ही हात धरून हळूच उठवलं तर डोकं मागे लोंबलं, खांद्यांनी काहीच धरलं नाही. हाताच्या तळव्यातली पकड ढिली. मोरोमध्ये हात उघडले पण परत जवळ आलेच नाहीत. बोटाभोवती ओठ नुसते टेकले, ओढ नावाला. आणि बाहुल्या, मघाशी मोठ्या असलेल्या, आता टाचणीच्या टोकाएवढ्या, तेही कुठलंही औषध दिलेलं नसताना. ठोके १७२ वरून ११२.

सहा रकाने असतात, भान, स्वतःची हालचाल, पोश्चर, टोन, सक (चोखणं) आणि मोरोसारखे रिफ्लेक्स, आणि बाहुल्या-ठोके-श्वास हा ऑटोनॉमिक भाग. तीन रकाने मॉडरेटमध्ये आले की पुरतं, इथे सहाच्या सहा आले. थॉम्पसन ५ वरून ९.

बाळ एकच, माझेच हात, मधे सव्वादोन तास. आणि यात माझी पहिली तपासणी चुकलेली नव्हती बरं का, ती सत्तराव्या मिनिटाला बरोबरच होती. ऑक्सिजन परत मिळाला की पेशींची ऊर्जा तात्पुरती सावरते, काही तास बाळ बरं दिसू शकतं, आणि आत ग्लुटामेट, कॅल्शियम, मायटोकाँड्रिया यांचं बिघडत जाऊन साधारण सहा तासांपुढे ऊर्जा दुसऱ्यांदा ढासळते आणि ते दोन-तीन दिवस चालू राहतं. सहा तासांची मुदत याच मधल्या शांत काळासाठी आहे. म्हणजे ज्या वेळात उपचार सुरू करायचा नेमक्या त्याच वेळात बाळ आपल्याला फसवायची शक्यता जास्त. उलटंही घडतं, पहिल्या तासात एकदम ढिलं पडलेलं बाळ चौथ्या तासाला छान चोखायला लागतं. हेही तितकंच महत्त्वाचं, कारण कूलिंग म्हणजे फुकटचं पुण्य नव्हे. २०२१ मध्ये हेलिक्स ट्रायल आला, भारत, श्रीलंका, बांगलादेशमधली ४०८ बाळं, त्यात कूलिंगने अपंगत्व किंवा मृत्यू कमी झाले नाहीत आणि मृत्यू उलट वाढले. त्यावर वाद अजून चालू आहेत, पण बाळ निवडताना हात सैल सोडू नये एवढं तरी त्यातून घ्यावं.

पावणेचार तासांना कूलिंग सुरू केलं, टार्गेट ३३.५ अंश, ७२ तास. तोपर्यंत दुसरं मशीन मिळालं आणि साडेचार तासांना एईईजी लागला. खालची कड ३-४ मायक्रोव्होल्ट, वरची १५-२०, म्हणजे डिसकंटिन्युअस, तुटक. बर्स्ट सप्रेशन (मधेच उसळी, बाकी जवळजवळ शांत) किंवा फ्लॅट नाही, पण नॉर्मलही नाही, नॉर्मलला खालची कड ५ च्या वर आणि वरची १० च्या वर लागते. एक सांगते, पट्टा दिसला की लगेच नाव देऊ नका, खालचा रॉ ट्रेस, म्हणजे मूळ ईईजीची रेघ, उघडा. पहिल्या अर्ध्या तासात आमची खालची कड अचानक ७ वर गेली आणि रेसिडेंट खूश, रॉ ट्रेसमध्ये बघितलं तर ठोक्यांच्या लयीत बारीक टोकं, ईसीजी मिसळत होता. इलेक्ट्रोड नीट बसवले, कड परत साडेतीनवर.

तेराव्या तासाला ओठ मचमचायला लागली, चघळल्यासारखं, आणि उजवा पाय सायकल मारल्यासारखा. सॅच्युरेशन ९६ वरून ८८. पाय धरला तरी आत लय चालूच. एईईजीवर दोन्ही कडा एकदम वर उचललेल्या, रॉ ट्रेसमध्ये एकसारखे दात. नवजात बाळाचे झटके मोठ्यांसारखे धडधडीत नसतात हे सगळे परीक्षेत लिहितात आणि वॉर्डात "भूक लागली असेल" म्हणतात. फिनोबार्बिटोन, झटक्यांचं औषध, २० मिग्रॅ प्रति किलो दिलं. दहा मिनिटांत पाय थांबला, ओठ थांबले, आणि स्क्रीनवर झटका आणखी बारा मिनिटं चालू. औषधाने हालचाल थांबते, मेंदूतली वीज तशीच चालू राहू शकते. मॉनिटर नसता तर मी "झटके थांबले" असं लिहून झोपायला गेले असते. आणखी १० मिग्रॅ दिल्यावर ट्रेस शांत झाला.

यानंतर तपासणीचा अर्थच बदलतो आणि इथे बहुतेक नोट्स फसतात. थंड बाळाचे ठोके नव्वदीत असणारच, थोडी थरथर म्हणजे हुडहुडीसुद्धा असू शकते, मॉर्फिनने बाहुल्या बारीक होतात, फिनोबार्बिटोनने गुंगी येते आणि नवजात बाळात ते दिवसेंदिवस रक्तात राहतं, कूलिंगमध्ये आणखी रेंगाळू शकतं. दुसऱ्या दिवशी राउंडला कोणीतरी "सिव्हिअर वाटतेय" म्हणालं, बाळाला भान नव्हतं, ढिलं होतं, सगळं खरं, पण दहा तासांपूर्वी किती औषध गेलंय हे पानाच्या दुसऱ्या बाजूला. मी तेव्हापासून तपासणीच्या नोंदीची पहिली ओळच ठरवून टाकलीये, बाळ किती तासांचं, टेम्परेचर किती, शेवटचं औषध कुठलं, किती आणि कधी, मग खाली काय दिसलं ते.

एईईजीने त्या दोन दिवसांत जास्त खरं सांगितलं. ३० तासांच्या आसपास पट्टा कंटिन्युअस झाला, पन्नासाव्या तासाला झोप-जागेपणाची लाट दिसायला लागली, रुंद-अरुंद, रुंद-अरुंद. कूलिंग चालू असताना ४८ तासांपर्यंत पट्टा सावरणं हे चांगलं लक्षण, सुरुवातीच्या सहा तासांतल्या वाईट पट्ट्यावरून मात्र थंड केलेल्या बाळाबद्दल घाईने बोलू नये. तिसऱ्या दिवशी थॉम्पसन १०. ७२ तास झाल्यावर तासाला अर्धा अंश असं गरम केलं, या काळात झटके परत येऊ शकतात म्हणून एईईजी काढला नाही. आले नाहीत. चौथ्या दिवशी डोळे उघडून चेहऱ्याकडे बघायला लागली, यावेळी मधून मधून पापणी लवत होती. सातव्या दिवशी स्कोअर ३, तोही टोन आणि सकमुळे.

पाचव्या दिवशी एमआरआय, दूध देऊन, गुंडाळून, झोपेत. फार लवकर केला तर डॅमेज कमी दिसतं आणि आठवडा उलटला की डिफ्यूजन (एमआरआयमधली ताजी इजा दाखवणारी चित्रं) खोटं नॉर्मल दिसायला लागतं, म्हणून हे मधले दिवस. अचानक पूर्ण ऑक्सिजन तुटलेल्या बाळात खोल भागाला मार बसतो, बेसल गँग्लिया आणि थॅलॅमस, हळूहळू कमी पडत गेला तर वॉटरशेड भागाला, म्हणजे मोठ्या रक्तवाहिन्यांच्या हद्दी जिथे मिळतात तिथे. आमच्याकडे दोन्ही थॅलॅमसमध्ये बारीक डाग, उजवीकडे जास्त. पीएलआयसी, म्हणजे हालचालीच्या वायरी जिथून खाली उतरतात ती पट्टी, तिचा सिग्नल शाबूत होता. हे बघून मला हायसं वाटलं, चालण्याबद्दलचा अंदाज त्या पट्टीवर बराच अवलंबून असतो.

वडील म्हणाले, "डॉक्टर, मेंदूला काही झालंय का, हो की नाही एवढंच सांगा." मी म्हटलं हो, झालंय, थोडं, आणि त्याचा तिच्या हातापायांवर किती परिणाम होईल हे आज मला सांगता येणार नाही, तीन महिन्यांना बरंच जास्त सांगता येईल. आई काहीच बोलली नाही, तिने फक्त विचारलं दूध अंगावर कधी लावायचं. आठव्या दिवशी लावलं. अकराव्या दिवशी घरी गेली तेव्हा सगळं दूध तोंडाने, मान जरा ढिली, डोक्याचा घेर नोंदवलेला, कानांची बेरा तपासणी (ऐकू येतं का ते बघणारी) झालेली.

१२ आठवड्यांना व्हिडिओ काढला, पाठीवर, जागी, खेळणं नाही, चोखणी नाही, आई फ्रेमच्या बाहेर. प्रेक्टलची जनरल मूव्हमेंट्स पद्धत, या वयात मान, मनगटं, घोटे यांच्यात बारीक, सगळ्या दिशांना फिरणाऱ्या फिजेटी हालचाली दिसायला हव्यात. होत्या. हे एक उत्तर एमआरआयच्या बरोबरीचं मानते मी. हाइन, म्हणजे हॅमरस्मिथ पद्धतीच्या न्यूरो तपासणीचा, स्कोअर ७८ पैकी ६२. तीन महिन्यांना ६७ असावा, ५७ च्या खाली गेला तर सेरेब्रल पाल्सीची काळजी, ही मधे. मार्क गेले ते मान आणि धडाच्या टोनमध्ये.

नऊ महिन्यांना आली तेव्हा बसत होती, हसत होती, हाइन ७१, हवे होते ७३. पण ठोकळा समोर धरला की उजवा हात यायचा, डावीकडून धरला तरी उजवाच यायचा, मी उजवा हात हळूच धरून ठेवला तेव्हा कुठे डावा आला, तोही अंगठा आत ठेवून. वर्षाच्या आत एका हाताची आवड हे कौतुक नसतं, आणि उजव्या थॅलॅमसचा तो डाग डाव्या हाताचाच. आई म्हणाली, "मला वाटलं ही उजखोरी आहे." फिजिओथेरपी त्याच दिवशी सुरू केली, डाव्या हाताला काम देणारे खेळ लिहून दिले, आणि १२ महिन्यांच्या तारखेसमोर वहीत लिहून ठेवलंय, आधी पाच मिनिटं हात न लावता बघायचं, डावा हात.